राखीचा सिनेमा

नेरच्या अलीकडे, डांबरी सडकेपासून आत बंजाऱ्यांचा एक तांडा आहे. तिथल्या बाया बाजाराला जातात, दवाखान्यात जातात, लग्नाला जातात. नुसता सिनेमा बघायला म्हणून एस.टी.त बसणारी रुपीबाई राठोड एकटीच. लहानपणी जत्रेतल्या तंबूत मातीवर फतकल मारून तिनं पहिला सिनेमा पाहिला, तेव्हापासूनचं हे वेड. लग्न झालं तेव्हाच तिनं नवऱ्याला, डोंगरसिंगला, सांगून टाकलं होतं की एखाद्या वर्षी लुगडं आणलं नाही तरी चालेल, पण यवतमाळला पिक्चर दाखवावा लागेल.

डोंगरसिंगला त्यातलं काही कळत नसे. टॉकीजमध्ये अंधार झाला की थोड्याच वेळात त्याची मान कलायची. परतताना गाडीत रुपीबाई त्याला सगळी गोष्ट सांगायची, रडायच्या जागी पुन्हा रडायची. तो म्हणायचा, हेच बरं, एका तिकिटात झोपही होते अन् पिक्चरही होतो.

बऱ्याच वर्षांनी त्यांना राखी झाली. एकुलती एक. आईच्या मांडीवर बसून सिनेमे बघतच ती मोठी झाली. एकदा यवतमाळच्या स्टँडवर गाडीची वाट बघताना ती सिमेंटच्या बाकावर चढली आणि नुकतंच पाहिलेलं गाणं नाचून दाखवलं. माणसं गोळा झाली. रुपीबाई पदर तोंडाशी धरून हसत होती. डोंगरसिंग लोकांना उगीचच सांगत होता, माझी पोरगी आहे, माझी.

राखी नेरच्या कॉलेजात जायला लागली त्या वर्षी तांड्यावर शूटिंगवाले आले. मराठी सिनेमा होता आणि त्यात बंजारा बायांचं एक गाणं हवं होतं. म्हाताऱ्यांच्या पेट्यांतून जुन्या फेटिया-कांचळ्या, म्हणजे घागरे-चोळ्या, बाहेर निघाल्या. राखीनं आईची लग्नातली, आरशांनी मढवलेली फेटिया घातली. घागरी घेतलेल्या बायांची रांग विहिरीकडून येत होती. दिग्दर्शकानं ती दोनतीनदा चालवली आणि मग राखीला एकटीला बाजूला घेतलं. तिनं चालता चालता थांबायचं, मान वळवायची आणि हसायचं. एवढंच. पण कधी ढग आडवा यायचा, कधी मागून शेळी घुसायची. ऊन उतरेपर्यंत तेच चाललं आणि प्रत्येक वेळी राखी तशीच हसली. थिएटरात तुझा चेहरा भिंतीएवढा दिसेल, असं त्या माणसानं तिला सांगितलं. पुढं कितीतरी दिवस ती ते ज्याला त्याला सांगत होती.

दिवाळीनंतर तिला ताप आला. नेरच्या दवाखान्यात डेंगू निघाला. तिथून यवतमाळ, यवतमाळहून नागपूरला न्या म्हणाले. कळंब मागं पडलं आणि गाडीतच राखी गेली.

घरात तिचे फोटो होते. कॉलेजच्या ओळखपत्राचा होता, मावसबहिणीच्या हळदीतला होता. रुपीबाई ते हातात घ्यायची आणि ठेवून द्यायची. फोटोतली राखी हलत नाही, म्हणायची. पिक्चर येईल तेव्हा पोरगी चालताना दिसेल, हसताना दिसेल. सांत्वनाला आलेल्या बायांनाही ती हेच सांगे, आणि बाया एकमेकींकडे बघत. रुपीबाई त्या एका गोष्टीवर तगून होती हे डोंगरसिंगला दिसत होतं, म्हणून तो तिला अडवत नसे.

पुढच्या पावसाळ्यात सिनेमा यवतमाळला लागला. डोंगरसिंगचा पुतण्या शाम नेरला मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो, त्यानं निरोप आणला. दुसऱ्याच दिवशी दोघं दुपारच्या खेळाला गेले. थिएटर निम्मंही भरलं नव्हतं. डोंगरसिंग त्या दिवशी पहिल्यांदा सरळ बसला होता, खुर्चीच्या काठावर.

इंटरव्हलनंतर गाणं आलं. विहीर आली, तांड्यावरचा कडुनिंब आला. घागर घेतलेली, तांड्यातलीच धनीबाई दिसली, तिच्यामागं मानीबाई दिसली. आपल्या ओळखीची विहीर बघूनच रुपीबाईला हुंदका फुटला, तिनं पदरात तोंड घातलं. डोंगरसिंग बघत राहिला. बायांची रांग गेली, नायक आला, डोंगर आला, गाणं संपलं. राखी आली नाही. ती त्यात नव्हतीच.

रुपीबाईनं डोळे पुसून वर पाहिलं तेव्हा पडद्यावर दुसरंच काही चाललं होतं. तिनं नवऱ्याचं मनगट धरलं.

"आली होती का? गेली का?"

डोंगरसिंग पुढं शामजवळ बोलला की आपण काय बोलतो हे त्याला त्या क्षणी कळलंच नाही.

"आली होती ना," तो म्हणाला. "हासली. तू डोळे पुसून राह्यली होती."

परतीच्या गाडीत त्या बाईनं स्वतःला किती बोल लावले. पोरगी समोर आली आणि मी रडत बसले, म्हणाली. मग तिनं विचारलं, कशी दिसत होती? डोंगरसिंगनं सांगितलं. केवढी दिसत होती? भिंतीएवढी. नाकातली फुली दिसली का? दिसली. जन्मभर तिनं त्याला सिनेमे सांगितले होते, आता तो तिला सांगत होता.

दोन दिवसांनी ती त्याला घेऊन पुन्हा गेली. तो नको म्हणाला, पण कारण काय सांगणार? या वेळी ती रडली नाही. गाणं लागल्यापासून तिनं पापणी हलवली नाही. गाणं संपलं तेव्हा ती त्याच्याकडे वळली. तो म्हणाला, डाव्या अंगाला होती, लवकर गेली. तिसऱ्यांदा ते गेले तर बाहेर दुसऱ्याच सिनेमाचं पोस्टर होतं.

तेव्हा रुपीबाईनं ठरवलं की दोष आपल्या डोळ्यांत आहे. दोष खरोखरच होता, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता. आजवर ऑपरेशनचं नाव काढलं की घाबरणारी ती बाई स्वतःहून शिबिरात जाऊन बसली. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डाव्याचं हिवाळ्यात करू, असं डॉक्टर म्हणाले. शामनं तिला सांगितलं होतं की आता सगळे सिनेमे काही महिन्यांनी मोबाईलवर येतात. ती थांबली.

ते महिने घरात बरे गेले, हे सांगायला हवं. रोज जेवण झालं की ती विचारायची आणि डोंगरसिंग सांगायचा. राखी कशी थांबली, मान कशी वळवली, वाऱ्यानं ओढणी कशी उडाली. सांगता सांगता त्याच्याही डोळ्यांपुढं ती यायला लागली. कधीकधी रुपीबाई हसायची. पोरगी गेल्यापासून त्या घरात कोणी हसलं नव्हतं. खरं सांगून टाकावं असं त्याला रोज वाटे, आणि रोज तो दुसऱ्या दिवसावर टाके.

एका दुपारी शाम सिनेमा घेऊन आला. मोबाईल तांब्याला टेकवून ठेवला. रुपीबाईनं त्याला गाण्यावरच न्यायला सांगितलं. गाणं झालं. तिनं पुन्हा लावायला लावलं. मग थांबवत थांबवत, एकेक बाई बोटानं दाखवत तिनं पाहिलं. धनीबाई, मानीबाई, पलीकडच्या तांड्याच्या दोघी. तिला आता सगळं स्वच्छ दिसत होतं, घागरीवरचे पोचेसुद्धा. शामला मागचं काही ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, "काकू, राखी नाही यात. कापला असंन तिचा सीन. कापतात कधीकधी."

डोंगरसिंग दारात उभा होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं. तो खाली बसला.

"तुमी पाह्यलं होतं ना?" तिनं विचारलं.

"नाही."

"एकदाबी नाही?"

त्यानं मान हलवली. तुझ्यासाठीच बोललो, असं काहीतरी तो म्हणायला गेला. मोबाईल उचलून तिनं शामच्या हातात दिला.

"मले वाटे माह्याच डोळ्यांचा दोष आहे," ती म्हणाली. "तवा पोरगी कुठंतरी होती. मी नाही पाह्यलं तरी होती. आता कुठंच नाही."

शाम म्हणतो, त्याला तिथं बसवेना, आणि उठताही येईना.

त्यानंतर रुपीबाई शेतात जात राहिली, दोन वेळचा स्वयंपाक करत राहिली. नवऱ्याशी भांडली नाही. पण जेवण झालं की ती भांडी घेऊन बाहेर जाते आणि तो एकटा बसून राहतो. एकदा त्यानं आपणहून राखीच्या लहानपणची, खरी घडलेली गोष्ट काढली. ती शांतपणे म्हणाली, "हे खरं का खोटं, मी कसं समजू?" तेव्हापासून त्यानं पोरीचं नाव घेतलेलं नाही.

हिवाळ्यात दवाखान्यातून डाव्या डोळ्यासाठी फोन आला. डोंगरसिंगनं समजावलं, शाम गाडी घेऊन आला, नेरहून नर्सबाईही येऊन गेल्या. रुपीबाई कोणालाच उलट बोलली नाही. फक्त उठून दवाखान्यात गेली नाही. आता त्या डोळ्यावर पांढरी साय धरली आहे. डाव्या बाजूनं कोणी आलं तर तिला कळत नाही. डोंगरसिंग बहुतेक वेळा त्याच बाजूला बसलेला असतो.