टकटक ऐकून निघून गेलेला नट

रविवार, ९ नोव्हेंबर.

बरेच महिने इथे काही लिहिलं नाही, सॉरी. घडत काही नव्हतं असं नाही. लिहिलेलं मलाच खरं वाटत नव्हतं.

आमच्या वरच्या मजल्यावरचा विनोदी नट गेला.

तुमच्यापैकी कोणी त्यांना ओळखणार नाही. इंग्लंडमध्येही आता कोणी ओळखत नाही.
आर्थर. आमच्या घरात आर्थर आजोबा.

सासूबाईंना फोनवर सांगितलं. मागे त्या इथे जर्मनीत, गेर्लिंगेनला आमच्याकडे येऊन राहिल्या होत्या.
"अगं बाई, ते खुर्चीवाले गेले? काय हसवलं होतं गं मेल्यानं!"
मग लगेच, "असं म्हणू नये ना गं आता."

दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. आजोबांनी त्यांच्यासमोर फक्त एक घडीची खुर्ची उघडायचा प्रयत्न केला होता.
खुर्ची शेवटपर्यंत उघडली नाही. सासूबाई पदराने डोळे पुसत होत्या.

पन्नासच्या दशकात ते ब्रिटिश सैनिक म्हणून जर्मनीत आले. छावणीत स्वतःच स्किट लिहायचे, स्वतःच करायचे. नोकरीची मुदत संपली, बाकीचे घरी गेले, हे राहिले. मोडक्या जर्मनमध्ये छोट्या थिएटरांतून कार्यक्रम करायला लागले.

लिहायची पद्धत एकच. जे वाक्य समजावून सांगावं लागतं, ते कापायचं.
"दरवर्षी वाक्यं कमी होत गेली," ते म्हणायचे. "साठच्या दशकात उरली फक्त खुर्ची."

मग घरोघरी टीव्ही आला, थिएटरं बंद पडली. आजोबांनी इथल्या एका कंपनीत मशीनची इंग्रजी मॅन्युअल्स लिहायची नोकरी धरली.
"इतकी वर्षं एकही विनोद न करता लिहिलं. माझा सगळ्यात अवघड रोल."

मला मात्र कुतूहल होतं ते एकाच गोष्टीचं.

जर्मन विद्यापीठात लेक्चर आवडलं की टाळ्या वाजवत नाहीत. मूठ वळून बाकावर टकटक करतात.
मला हे कोणी सांगितलंच नव्हतं. पीएचडीच्या पहिल्या सेमिनारला माझं बोलणं संपलं आणि सगळे बाक वाजवायला लागले. मला वाटलं, वेळ संपली, आवरा म्हणतायत. "सॉरी, सॉरी" करत लॅपटॉप मिटून मी बाहेर.

हे एकदा जिन्यात आजोबांना सांगितलं, तर ते पायरीवरच बसले.
"तुझंसुद्धा?"

त्यांचा कार्यक्रम एका विद्यापीठाच्या हॉलमध्ये होता. पहिलं स्किट संपलं आणि हॉलभर टकटक. त्यांना वाटलं, हाकलतायत. खुर्ची काखेत मारली आणि थेट स्टेशन गाठलं.
मागोमाग एक विद्यार्थिनी आली. "अहो, आवडलं म्हणून वाजवतायत ते! परत चला."
परत गेले, उरलेला कार्यक्रम केला.
ती विद्यार्थिनी म्हणजे इंगे आजी. त्यांची बायको.

गोष्ट दर वेळी थोडी बदलायची. कधी ती मुलगी सायकलवर यायची, कधी बर्फात, कधी तिच्या हातात त्यांची टोपी असायची. मी हसून सोडून द्यायचे.

आता सोडता येत नाही. मंगळवारी ट्राउअरफायर आहे, स्मशानाच्या हॉलमध्ये निरोप. आजींनी मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. शवपेटीशेजारी उभी राहून खोटं कसं बोलू?

आज वर जाऊन विचारलंच.

"सायकल नव्हती," आजी म्हणाल्या. "टोपीही नव्हती. टोपी त्यानं नंतर घातली, गोष्टीत."
"आणि टकटक?"
"गेनाऊ, अगदी बरोबर. ती खरी."
मग स्वतःच्या हातांकडे बघत म्हणाल्या, "एक त्याला कधी सांगितलं नाही. सुरुवात मीच केली होती. माझं बघून बाकीच्यांनी."
"का नाही सांगितलंत?"
"त्यानं ती खुर्ची माझ्या डोक्यात घातली असती."
हसल्या. मी पण हसले.

"आमच्यात अशा वेळी कोणी आवाज करत नाही," त्या म्हणाल्या. "शांत येतात, शांत जातात. आर्थरला शांतता सोसायची नाही, तुला माहितीये. मंगळवारी टकटक व्हायला हवी. माझी बोटं आता वळत नाहीत. सुरुवात तू कर."

मी हो म्हणाले.

जिना उतरताना वाटलं, मी वाजवलं आणि मागून कोणीच वाजवलं नाही तर? त्या हॉलमध्ये एकटीची टकटक. त्यात मी बाहेरची. हा मान माझा आहे का, तेही कळत नाही. आणि मला भीती नक्की कसली वाटतेय, त्यांचा निरोप बिघडण्याची की माझं हसं होण्याची? खरं उत्तर यातलं दुसरंच असावं.

पण त्या दिवशी हॉलमध्ये पहिल्यांदा मूठ वळणाऱ्या मुलीला तरी कुठे माहीत होतं, मागून कोणी वाजवेल म्हणून?

आर्थर आजोबा, तेव्हा तुम्ही टकटक ऐकली आणि निघालात.
या वेळी निघालाच आहात, तर ऐकून जा.

उद्या: हॉलमधल्या खुर्च्या लाकडी आहेत की गादीच्या, ते बघून येणे.