हुकूम उठला, भट्टी गारच

अन्याय झाला तो भूम तालुक्यातल्या खवा करणाऱ्या एका बाईंवर. लग्नसराईच्या तोंडावर, आठवडी बाजाराच्या सकाळी बेलीफानं त्यांच्या हातात कोर्टाचा मनाई हुकूम ठेवला. मी तेव्हा तिथल्या ठाण्याचा प्रभारी होतो. निवृत्त झालो, तरी ते आठवलं की डोकं तापतं.

दावा लावला होता गावातल्याच दुसऱ्या भट्टीवाल्यानं. बाईंनी सामाईक रस्त्यात नुकतीच नवी भट्टी बांधली, असं त्याचं म्हणणं. बाईंच्या शेजाऱ्याचं तसं प्रतिज्ञापत्र जोडून, बाईंचं ऐकलं जाण्याआधीच त्यानं एकतर्फी हुकूम मिळवला. बाईंची भट्टी बंद.

एवढ्यावर तो थांबला नाही. ठाण्यात येऊन म्हणाला, हुकूम मोडून भट्टी पेटवलीय, बाईला उचला. बाब दिवाणी होती, पण गावात तंटा नको म्हणून मी हवालदाराला घेऊन गेलो. भट्टी गार, कढया पालथ्या. मागच्या भिंतीवर मात्र काजळीचा असा थर, की नखानं खरवडूनही भिंत दिसेना. ही म्हणे नवी भट्टी!

शेजाऱ्याला जबाबाला बोलावलं. दरडावलं की माणूस गप्प होतो. बोलतो तो बढाईत. मी दाव्याचं नावच काढलं नाही. चहा मागवला आणि काही वर्षांमागं झालेल्या त्याच्या पोरीच्या लग्नाचा विषय काढला.

"गुलाबजाम लई गाजले म्हणं?"

"गाजणारच की साहेब. समदा खवा बाईच्या भट्टीवरचा. म्या सोता उभं राहून आटवून घेतला."

बशी तोंडाशीच थांबली.

हवालदार म्हणाला, "पाव्हणं, भट्टी बांधायच्या आधीच खवा निघाला म्हणायचा."

मग सगळं बाहेर आलं. तुझ्या दुधाला चढा भाव देतो म्हणून भट्टीवाल्यानं प्रतिज्ञापत्रावर त्याची सही घेतली होती. शेजाऱ्यानं कोर्टात खरं सांगितलं, हुकूम उठला. मी आनंदानं बाईंकडं गेलो.

त्या म्हणाल्या, "हुकूम उठला व्हय साहेब, पण दूध कुठं परत आलं? दूध घालणारे समदे त्याच्याकडं गेले. सराई बी गेली."

आणि तो भट्टीवाला? ताठ मानेनं बाजारात हिंडत होता. बाईंचा वकील म्हणे, सुटलात ना, बास झालं.

बास कसं झालं? पुरेसा आधार नसताना कुणी मनाई हुकूम मिळवला, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९५ खाली त्याच कोर्टात भरपाई मागता येते. रकमेला मर्यादा आहे, गेलेली सराई त्यात भरून निघत नाही. तरी मागायची. मी सांगेपर्यंत बाईंना हे कुणी सांगितलंच नव्हतं. ऐकल्यावर त्यांनी अर्ज दिला.

या प्रकरणानं मला एक शिकवलं: खोटा हुकूम मागणाऱ्याला फुकटात पडतो, म्हणूनच तो मागितला जातो. तुमच्यावरचा असा हुकूम उठला असेल, तर पेढे वाटून घरी बसू नका. वकिलाला सांगा, भरपाईचा अर्ज लिहा. तो टाळू लागला, तर अर्ज लिहून होईपर्यंत त्याच्यासमोरून उठू नका.