रिकामी गव्हाण

माझा लेक अडीच महिन्यांचा होता, तेव्हा मॅनेजर सायबांनी त्याला येशू केला.

कर्जतच्या एका रिसॉर्टवर मी खोल्या आवरते. तेव्हा बाळंतपणानंतर नुकतीच कामावर परतले होते. नाताळाला पाहुण्यांसाठी येशूच्या जन्माचा खराखुरा गोठा मांडायचा, असं सायबांच्या डोक्यात आलं. गावातनं गाय आणली, कुठनं तरी गाढवही मिळालं. राहिली त्याची आई मरिया आणि बाळ. सायेब माझ्याकडे बघून हसले. नाय कसं म्हणणार? नवऱ्याचं साजगावच्या कारखान्यातलं काम सुटलेलं, माझ्या एकटीवर चूल पेटत होती.

नाताळाआधीचे चार दिवस, रोज संध्याकाळी दोन तास, पोराला गव्हाणीत गवतावर निजवून, डोक्यावर निळी ओढणी घेऊन शेजारी बसायचं. हलायचं नाही. पोराच्या गालावरची तीट सायबांनी रुमालानं पुसली. "येशूला काजळ नसतं गं." मेल्या, तुझ्या पोराला नजर लागली असती म्हणजे कळलं असतं! हे सगळं मनातच. मी गुपचूप त्याच्या तळपायाला तीट लावली.

तिसऱ्या संध्याकाळी पोर भुकेनं रडायला लागलं. मला पान्हा फुटला, झंपर ओला झाला. दोरीपलीकडे पाहुणे मोबाईल धरून उभे. सायेब लांबून खूण करत होते, हलू नको. पोटचं पोर हातभर अंतरावर, आणि मी बांधल्यासारखी. गाय निदान दाव्याला हिसके तरी देत होती, मला तेही जमेना. इतका संताप आयुष्यात आला नव्हता.

तेवढ्यात पाहुण्यांतली वसईकडची एक म्हातारी ख्रिस्ती बाई दोरी ओलांडून आत आली. "अगं बाय, पाज की त्याला!" पोर उचलून तिनं माझ्या हातात दिलं आणि माझ्यापुढे आडवी उभी राहिली. मग सायबांना म्हणाली, "फार पूर्वी इटलीत एका साधूनं पहिला गोठा मांडला, असं आमच्यात सांगतात. बैल खरा, गाढव खरं. गव्हाणीत मात्र नुसतं गवत. गरीब आईबापाचे हाल लोकांना दिसावेत म्हणून मांडला त्यानं. कुणाचं पोर नव्हतं ठेवलं! आमच्या घरीसुद्धा चोवीसची मध्यरात्र होईस्तोवर गव्हाण रिकामीच असते."

सायबांनी हात जोडले. म्हातारी दुसऱ्या दिवशी सकाळी निघून गेली आणि संध्याकाळी पोर परत गवतावर. "फोटो बाळामुळेच काढतात गं," सायेब म्हणाले. मी बसले. दुसरं काय करणार होते?

आता लेक शाळेत जातो. गेल्या डिसेंबरात सायबांनी चादरींच्या खोलीत येऊन विचारलं, "यंदा कुणाकडे तान्हं आहे का गं?" माझ्याशेजारी ठाकूरवाडीकडची नवी पोरगी घड्या घालत होती. तीन महिन्यांची लेक ती सासूपाशी ठेवून येते, हे फक्त मला ठाऊक होतं. तिनं मान वर केली नाही. तिचाही झंपर पुढनं ओला झाला होता.

"नाय," मी म्हटलं. "कुणाचंच नाय."

"मग गव्हाणीत काय ठेवू?"

"गवत."