अठरा वर्षांचा काढा

माझ्या मेहुण्याने मला फसवले, माझ्या सासऱ्यांनी त्याला साथ दिली आणि माझ्या बायकोने दोघांना चमचा पुरवला.

हे आधीच सांगून ठेवतो. पुढे कुणी मलाच दोष द्यायला लागला तर खरे गुन्हेगार कोण ते तुमच्या लक्षात असावे.

मी सोलापुरात चादरी-टॉवेलचा ठोक व्यापार करतो. ठोक आत्ता! सुरुवात सायकलच्या कॅरिअरवर गठ्ठा बांधून मोहोळच्या आठवडी बाजारात झाली. भाव करण्यात मला हरवणारा माणूस अजून भेटायचा आहे. (बायको सोडून. पण ती भाव करतच नाही, थेट निकाल देते.)

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी बारा वाजता माझ्या घराला लागून असलेल्या गोदामाच्या गच्चीवर आमची बैठक भरते. आम्ही चौघे. मी, कुलकर्णी वकील, माझा मेहुणा सतीश (मोहोळला ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचे दुकान) आणि इकबालभाई ट्रान्सपोर्टवाले. इकबालभाई दारूला शिवत नाहीत. ते शेंगाचटणी आणि कडक भाकरीसाठी येतात, आणि एकटेच शुद्धीवर असतात म्हणून ते कायमचे पंच.

बैठकीची सुरुवात ठरलेली. गेल्या महिन्यात कोण काय प्यायला ते प्रत्येकाने सांगायचे. सतीशचे दोन शब्दांत आटोपते, "लई भारी!" वकिलांचे मात्र कोर्टात चालावे तसे चालते.

"परवा एक बारा वर्षांची घेतली," ते डोळे मिटून म्हणतात. "आधी सफरचंद आलं. मग ओलं लाकूड. आणि शेवटी, काय सांगू, घोड्याचं जुनं खोगीर!"

"खोगीर तुम्ही कधी चाटलं, वकीलसाहेब?" मी एकदा विचारले.

"शेठ, तुमची जीभ चटणीनं भाजलेली. तुम्हाला व्हिस्कीतलं फक्त लेबल कळतं."

सगळे हसले. मीही हसलो. पण ते वाक्य मी गठ्ठ्यासारखे शिवून आत ठेवून दिले.

जानेवारीच्या बैठकीत आमची 'ओळख' असते. प्रत्येकाने एक बाटली टॉवेलात गुंडाळून आणायची (टॉवेल अर्थात माझे), आत काय आहे त्याची चिठ्ठी पंचांकडे द्यायची. पंच स्टीलच्या पेल्यांत ओततात, रंगावरून कुणी ओळखू नये म्हणून. ज्याने जास्त ओळखल्या, तो वर्षभर खुर्चीत बसणार. ही खुर्ची म्हणजे रुंद हातांची सागवानी आरामखुर्ची. बाकीच्यांनी गठ्ठ्यांवर बसायचे आणि खुर्चीवाल्याचा पेला भरायचा. सलग तीन वर्षे त्या खुर्चीत वकील बसले होते आणि मी, गोदामाचा मालक, माझ्याच गठ्ठ्यावर!

मला ती खुर्ची हवी होती. बस्स.

दिवाळीनंतर सतीश दुबईला जाऊन आला. येताना त्याने दोन बाटल्या आणल्या. स्कॉटलंडच्या कुठल्याशा बेटावरची, अठरा वर्षे पिंपात मुरलेली. सोलापुरात कुणी चाखली नसेल अशी.

"सतीश, एक मला दे."

"देतो की, दाजी. घराची वास्तुशांती हाय. पाहुण्यांना द्यायला पन्नास चादरी द्या."

"वीस."

"दाजी, अठरा वर्षांची हाय!"

"माझ्याकडं त्याहून जुना माल पडून आहे."

दोन तासांनी एकतिसावर सौदा ठरला. एकतिसावी तर मी किनार चुकलेली घातली. त्या दिवशी मी घरी शीळ घालत आलो.

आता प्रश्न होता बाटली सांभाळण्याचा. सतीश आमच्याकडे आला की थेट शोकेस उघडतो. विकलेला माल परत पिऊन जाणारा हा जगातला एकमेव दुकानदार! म्हणून मी डोके चालवले. शोकेसमधल्या त्या भारी बाटलीत कोपऱ्यावरच्या दुकानातली स्वस्त व्हिस्की भरली आणि खरा माल काढ्याच्या रिकाम्या तपकिरी बाटलीत ओतून स्वयंपाकघरात वरच्या फळीवर, तेलांच्या मागे ठेवला. कुणाला शंका नको म्हणून वर कागद चिकटवला आणि झोकदार अक्षरात लिहिले: 'खोकल्याचा काढा. दोन चमचे, सकाळ-संध्याकाळ, कोमट पाण्यातून.'

वंदनाला, म्हणजे बायकोला, सांगितले नाही. गुपित दोघांत गेले की मोहोळपर्यंत जाते.

पुढच्या रविवारी सतीशने शोकेसमधली स्वस्त व्हिस्की घोटभर घेतली, डोळे मिटले आणि म्हणाला, "लई भारी, दाजी!" मला आतून इतक्या उकळ्या फुटल्या की मी त्याला जेवायला थांब म्हणालो.

डिसेंबरात सासरे आमच्याकडे राहायला आले. डोळ्याचे ऑपरेशन होते, त्यात खोकला. गुरुजी म्हणजे कडक काम. निवृत्त मुख्याध्यापक, दारूबंदीच्या मोर्चात पुढे झेंडा धरणारे, सुपारीचे खांडही न खाणारे. आमच्या लग्नाला चोवीस वर्षे झाली, पण त्यांच्या लेखी मी अजून सायकलवरचा चादरवाला. मला हाक मारायची तर म्हणायचे, "अहो ऐकलं का, व्यापारी!"

आठवडाभरात चमत्कार झाला. मी सकाळी दाढी करत होतो आणि मागून आवाज आला, "जावईबापू, चहा घेतलात का?"

माझा गाल कापला!

त्यानंतर रोज वाढतच गेले. गुरुजी सकाळी अभंग गुणगुणू लागले. माझ्या व्यवसायाची चौकशी करू लागले. एका संध्याकाळी तर माझा हात हातात घेऊन म्हणाले, "जावईबापू, शून्यातून उभं केलंत हो सगळं. आम्ही ओळखलं नाही तुम्हाला." मी गोदामात जाऊन एकटाच रडलो. चोवीस वर्षांनी का होईना, माणसाला माझी किंमत कळली!

सतीशही बदलला. जो पोरगा मोहोळला एका घरात राहून बापाशी धड बोलत नाही, तो दर दुसऱ्या दिवशी मोहोळहून गाडी काढून बापाला बघायला येऊ लागला. "बापू, काढा घेतला का?" असे प्रेमाने विचारायचा. "ताई, मलाबी जरा घसा धरलाय," म्हणून स्वतःही स्वयंपाकघरात जायचा.

मी म्हणालो, "वंदना, तुझं माहेर सुधारलं."

फळीवरची बाटली मी रोज बघायचो. जागेवर असायची. आत काय आहे ते कोण बघतो? शिवलेला गठ्ठा मोजायचा असतो, उसवायचा नसतो. पंचवीस वर्षे मी असाच धंदा केला.

जानेवारीचा रविवार आला. माझी तयारी जय्यत होती. वकील कंजूष, दर वर्षी तीच बाटली आणतात. सतीशने काय आणले ते त्याने मला दोन टॉवेलांच्या बदल्यात आदल्या दिवशीच सांगितले. (याला लबाडी म्हणत नाहीत, बाजाराचा अंदाज घेणे म्हणतात.) राहिली माझी, ती वकिलांच्या बापजन्मात त्यांना ओळखता येणार नव्हती. सकाळी मी तपकिरी बाटली फळीवरून उतरवली, तशीच टॉवेलात गुंडाळली, चिठ्ठीवर बेटाचे नाव आणि 'अठरा वर्षे' असे लिहिले आणि गच्चीवर गेलो.

पहिला पेला. वकील बरोबर, मी बरोबर, सतीश चूक. दुसरा पेला. वकील बरोबर, मी बरोबर, सतीश चूक. (स्वतःचीच बाटली होती!)

"अब फैसला तिसऱ्यावर," इकबालभाई म्हणाले आणि माझी बाटली ओतली.

वकिलांनी घोट घेतला. डोळे मिटले. 

"अहाहा! काय खोली आहे! जंगल... मुळं... जुनं चामडं... आणि मागून समुद्र! ही बेटावरचीच. अठरा वर्षांच्या खाली नाही!"

बरोबर ओळखली की यांनी! मग आठवले. शोकेसमधली बाटली त्यांनी शंभर वेळा पाहिली होती. सोलापुरात तसली बाटली कुणाकडे आहे, हे ओळखायला जीभ कशाला लागते?

सतीशने घोट घेतला आणि एकदम ठसका लागून कठड्याकडे गेला. त्याचे खांदे हलत होते.

मी पेला उचलला. घोट घेतला. जंगल होते. मुळेही होती. पण ती मुळे माझ्या ओळखीची होती! लहानपणी आईने नाक दाबून पाजलेली मुळे!

"हा अडुळसा आहे!" मी ओरडलो. "ज्येष्ठमध! सुंठ! मिरी! हा काढा आहे, काढा!"

वकील इतके हसले की खुर्ची कुरकुरली. "शेठ, शेवटी तुमची जीभ ती जीभच!"

इकबालभाईंनी चिठ्ठी उघडली. "चिठ्ठीत लिहिलंय... बेट, अठरा साल. वकीलसाब जीत गये."

"चिठ्ठी खोटी आहे!"

"कुणी लिहिली?"

"मी!"

"शेठ, आपणच लिहायचं और आपणच खोटं म्हणायचं?"

"पंचांनी चिठ्ठीवर निकाल द्यायचा की पेल्यातल्या मालावर?" मी आता पुरता पेटलो होतो. "वर जरीचा काठ आणि आत सुती असेल तर मी गिऱ्हाईकाला अस्सल जरीचा माल म्हणून विकू का? टॉवेल काढा!"

टॉवेल निघाला. तपकिरी बाटली. इकबालभाईंनी चष्मा लावून वाचले, "खोकल्याचा काढा. दोन चमचे, सकाळ-संध्याकाळ."

"लेबलला काय अर्थ आहे?" वकील गडबडीने म्हणाले. हे म्हणणारे वकील! ज्यांना मला फक्त लेबल कळते असे वाटत होते, ते!

"चाखा, इकबालभाई!" मी म्हणालो.

"तौबा! पक्का काढा है ना?"

आधी त्यांनी हुंगला. मग पुन्हा हुंगला. मग जिभेच्या टोकाने चाखला, आणि आमच्या बैठकीच्या इतिहासात प्रथमच पंचांनी पेला सबंध रिकामा केला.

"काढा है. और अच्छा है. शेठ जीत गये!"

मी वकिलांचा हात धरून त्यांना उठवले आणि खुर्चीत बसलो. काय सांगू! पाठ टेकली आणि सायकलवरून मोहोळपर्यंत मारलेले सगळे पायडल वसूल झाले. वकील गठ्ठ्यावर बसले, तेही माझ्या दुय्यम प्रतीच्या.

"भरा पेला, वकीलसाहेब," मी म्हणालो. "आणि मागून समुद्र आला तर सांगा."

तेवढ्यात जिन्यात काठीचा आवाज आला. वंदना पुढे, गुरुजी मागे. पेले टॉवेलांखाली गेले. माझ्या डोक्यात आत्ता कुठे दुसरा प्रश्न उगवला होता. पेल्यात काढा, तर मग माझी व्हिस्की कुठे?

"अहो, काढ्याची बाटली तुम्ही आणलीत का वर?" वंदना म्हणाली. "बापूंना द्यायचाय. जुना गुरुवारी संपला, म्हणून वैद्यांकडून आणून परवाच भरली मी."

"संपला?" माझा आवाज पोरासारखा चिरकला.

"पण हा नवा काही कामाचा नाही, जावईबापू," गुरुजी म्हणाले. "तुमचा तो जुना काढा! खोकला गेला, गुडघे मोकळे झाले, मन कसं प्रसन्न. आणि चव! आधी जिभेवर मध यायचा. मग चुलीचा धूर. आणि गिळल्यावर हळूच, मागून, खारट वारा यावा तसं. मी म्हटलं, दोन चमचे लहान मुलांना. आपण फुलपात्रानं घेऊ."

वकिलांचे तोंड उघडेच राहिले. आमच्या बैठकीत व्हिस्कीचे इतके अचूक वर्णन कुणी कधी केले नव्हते, आणि ते केले होते दारूबंदीच्या झेंडेकऱ्याने!

"सतीशलाही फार मानवला," गुरुजी म्हणाले.

मी कठड्याकडे बघितले. सतीश चप्पल शोधत होता.

"तुला कळलं होतं?" मी दात-ओठ खात हळू आवाजात विचारले.

"पयल्याच दिवशी, दाजी. बापूंच्या तोंडाचा वास आला की! पण म्हाताऱ्याला एकट्याला कसं पिऊ द्यायचं?"

"कोणत्या वैद्यांचा तो काढा?" गुरुजी विचारत होते. "आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात सगळ्यांनाच खोकला आहे."

काय सांगणार होतो? खरे सांगितले असते तर 'जावईबापू'चा परत 'व्यापारी' झालो असतो. म्हणालो, "हिमालयातले आहेत. क्वचित येतात."

गुरुजी मोहोळला परतले आणि आठव्या दिवशी फोन आला, "जावईबापू, खोकला उलटला हो. ते हिमालयातले आले का?" मी सतीशकडे गेलो. दुसरी बाटली त्याच्या कपाटात तशीच होती. त्याने साठ चादरी सांगितल्या. सख्ख्या बापाच्या खोकल्यासाठी! एकही कमी केली नाही. किनारी तपासून घेतल्या. मग त्याच्या घरातली बाटली मी सोलापूरला आणली, तपकिरी बाटलीत ओतली आणि त्याच्याच घरी परत नेऊन दिली. संध्याकाळी गुरुजींचा फोन आला, "गुण आला! सतीशचाही घसा उघडला!"

आता मी खुर्चीत बसलो आहे. वकील माझा पेला भरतात. त्यात व्हिस्की कोपऱ्यावरच्या दुकानातलीच असते. एक्क्याण्णव चादरी गेल्या आणि अठरा वर्षांचा एक थेंबही माझ्या घशाखाली उतरला नाही. याचा जाब मला पाहिजे, आणि आजच पाहिजे! वंदनाला तसे ठणकावून सांगितले. तिने रिकामी बाटली माझ्यासमोर ठेवली, कागदावर बोट ठेवले आणि म्हणाली, "हे झोकदार अक्षर ज्याचं आहे, त्याला विचारा."

विचारतो आहे. अजून उत्तर देत नाही हरामखोर!