दोन चांदण्यांमधली मोकळी जागा

जानेवारीतला दुसरा रविवार. काम: उमेळ्यातल्या रक्तदात्यांच्या वेबसाइटवरचा शोध दुरुस्त करणं. वेबसाइट बनवायला मला पन्नाशीत शिकवलं ते माझ्या चुलत सासऱ्यांनी, आणि त्यांच्याइतका संशयी माणूस अख्ख्या वसई तालुक्यात नाही. टेलिफोन खात्यात जन्म गेला, त्यामुळे स्वतः फोन लावला तरी ते आधी "कोन बोलतंय?" विचारतात. कुणाकडेही गेले की डब्याचं झाकण काढून आत साखरच आहे ना ते बघतात, मग चहाला हो म्हणतात. नातीच्या साखरपुड्यात त्यांनी पेढ्यांचे सगळे बॉक्स उघडून बघितले. एक खरंच रिकामा निघाला, तेव्हापासून घरात त्यांना कुणी अडवत नाही.

शेजारच्या कुंदाचं ऑपरेशन मंगळवारी होतं आणि ओ पॉझिटिव्हचे तीन दाते सोमवारीच हवे होते. मी O+ वर क्लिक केलं की उत्तर यायचं, 'कुणी सापडलं नाही'. O- चे दोघे मात्र लगेच दिसायचे. ओ पॉझिटिव्हची डझनभर नावं मी माझ्या हातांनी भरली होती. दोन तास क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, वाचून शेवटी या सासऱ्यांना, म्हणजे काकांना, बोलावलं.

"क्वेरी बरोबर आहे, काका. डेटाबेसच बिघडलाय."

"त्याला कशाला बोल लावतेस? त्याला काय विचारलंस ते बघितलंस?"

"O+ विचारलं."

"ते तुझ्या मनात. व्हेरिएबल म्हनजे डबा. झाकन काढ. आत हाय ते छाप, आन दोन्ही बाजूंना चांदनी लाव."

दोन्हीकडे चांदणीचं चिन्ह लावून छापलं. *O *. ओच्या पुढे नुसती मोकळी जागा. रक्तगट मी लिंकमधून पाठवत होते, आणि लिंकमध्ये अधिकचं चिन्ह तसंच पाठवलं की पलीकडे ते मोकळी जागा होऊन पोचतं. वजाचं सुखरूप जातं. डेटाबेस बिचारा प्रामाणिकपणे नसलेला रक्तगट शोधत होता. अधिकच्या जागी लिंकला कळणारा त्याचा संकेत %2B लिहिला आणि बारा नावं आली. पहिलं काकांचंच.

"वयाची अट नाय टाकलीस," ते म्हणाले. "पासष्टच्या वर घेत नायत. मला दोन वर्सं झाली परत पाठवलं त्याला."

त्यांच्या कपाटात रक्तदानाच्या प्रमाणपत्रांची जाडजूड फाइल आहे. त्यांनी चहा संपवला, जाताना साखरेच्या डब्याचं झाकण नीट लावलं.

"उद्या टाक. घाई नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी तिघांना फोन केले. तिघेही येतो म्हणाले. मग क्वेरीत वयाची अट टाकली आणि यादी छापली. अकरा नावं. बरोबर होतं. तरी मी क्वेरी पुन्हा एकदा चालवून बघितली.