न मिटणारा चष्मा

दातिवऱ्याच्या आमच्या घरात मोडलेली वस्तू टाकून देण्याची ऐपत नव्हती. वडील गेल्यावर आई बोंबील सुकवून विकायची, त्यावर चूल पेटायची. पण त्याच घरात काही मोडलं की एका माणसाचा चेहरा उजळायचा. तो माझा काका. होडीचा म्होरक्या, म्हणून सारा गाव त्याला तांडेल म्हणे. कंदिलाची कडी असो, छत्रीची काडी असो, त्याचं औषध एकच: जाळं विणायचा सुती दोरा. "आन हिकडं," म्हणायचा आणि बांधता बांधता त्या वस्तूलाच शिव्या घालायचा.

मॅट्रिकची परीक्षा परवावर आली होती. बोंबलांच्या दोरीखालून वाकून जाताना दोरी माझ्या चष्म्यात अडकली आणि चष्मा दगडावर आपटला. काचा वाचल्या, एक काडी मात्र बिजागरीपासून तुटली. पालघरचा चष्मेवाला आठवडा तरी घेणार. चष्म्याशिवाय मला छापील ओळ म्हणजे नुसतं धुकं. आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे, पुढल्या वर्सी बस." पुढलं वर्ष म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. डोक्यावर मासळीची टोपली.

"पुढल्या वर्सी?" काका ओरडला. "मासळी थांबते का गो वयनी, पुढल्या वर्सापरत?"

दोरा तोंडात भिजवून त्याने तुटलेली काडी करकचून बांधली. मग दुसरी, धड असलेली काडीही बांधायला घेतली.

"काका, ती चांगली हाय!"

"एकाच बाजूला वजन झालं तर होडी कलते."

"पन आता ह्यो मिटत नाय."

"मिटायचा म्हनूनच मोडला. ती खोडच काडली मी. गाठ ढिली वाटली तर पानी लाव, आवळंल."

मिटत नाही म्हणून चष्मा डबीत मावेना. फळीवर तो चिंबोरीसारखा नांग्या पसरून बसायचा. तोच नाकावर चढवून मी एस.टी.ने पालघरला गेले. जाळ्याच्या दोऱ्याला मासळीचा वास होता; परीक्षेत शेजारच्या बाकावरची मुलगी नाक धरून म्हणाली, "सुकट आणलीस का गं पेपरला?"

गणिताच्या पेपरला उकाड्याने दोरा वाळला आणि चष्मा घसरून उत्तरपत्रिकेवर पडू लागला. मी पाणी मागितलं.

"तहान लागली?" मास्तरांनी विचारलं.

"मला नाही सर, चष्म्याला."

दोन्ही गाठींना पाणी लावलं. गाठी आवळल्या, चष्मा जागेवर बसला. मास्तर हसले आणि पाण्याचा पेला माझ्या बाकावरच ठेवून गेले.

पुढे कॉलेजात असताना मी नवा चष्मा केला. काकाने तो दोनदा उघडून मिटून पाहिला. "मोडंल ह्यो पन," तो खुशीत म्हणाला आणि दोरा शोधायला उठला.

काका आता नाही. पदवीच्या झग्यातला माझा फोटो घरी भिंतीवर आहे. नव्या चष्म्यालाही काकाने दोरे बांधलेच होते; फोटोग्राफर म्हणाला होता, तो काढा. मी काढला नाही.

मी बी.ए. झाले. आमच्या घरातली पहिली.