लीलाधर मास्तरांची दीर्घिका

बुऱ्हाणपूरच्या शाळेत भूगोल शिकवणारे लीलाधर मास्तर एका छायाचित्रात गुंतून पडले होते. मासिकातून कापलेलं ते चित्र दूरच्या एका सर्पिल दीर्घिकेचं होतं. मधोमध प्रकाशाचा सरळ दांडा आणि त्याच्या दोन्ही टोकांपासून वळत गेलेले हात. हातांतल्या वायूच्या आणि धुळीच्या ढगांतून नवे तारे जन्मतात, असं खाली छापलं होतं. पण दांडा कशासाठी? मास्तरांचा आपला एक तर्क होता. सातपुड्यातलं पाणी जमिनीखालून झिरपत कुंडी भंडाऱ्याच्या, म्हणजे गावाच्या जुन्या भुयारी पाणीयोजनेच्या, बोगद्यात येतं आणि गावापर्यंत पोचतं. तसाच तो दांडा वायूला मध्याकडे आणत असेल आणि तिथेही तारे घडत असतील.

१९५६च्या डिसेंबरात परिपत्रक आलं. दक्षिणेतल्या एका वेधशाळेत शिक्षकांचं शिबिर होतं आणि मोठ्या दुर्बिणीतून दीर्घिका दाखवणार होते. वयाची अट पंचेचाळीसच्या आतली. मास्तरांना पंचेचाळिसावं सरत आलेलं, म्हणजे हीच शेवटची संधी. त्यांनी त्याच दिवशी अर्ज लिहिला आणि वीस वर्षांच्या सवयीने पाकिटावर शिक्षण खात्याचा नागपूरचा पत्ता घातला.

राज्याचं नाव मध्य प्रदेशच राहिलं होतं. नागपूर मात्र महिन्यापूर्वी राज्यांच्या पुनर्रचनेत मुंबई राज्यात गेलं होतं. अर्ज फिरत फिरत परत आला, तेव्हा मुदत उलटून गेली होती.

"अहो, राजधानी भोपाळला गेली हे भाजीवालीलाही ठाऊक," त्यांच्या पत्नी आशाबाई म्हणाल्या. "तुम्ही तेवढे अजून नागपुरात!" मग त्यांचा उतरलेला चेहरा बघून त्या मुकाट्याने चहा टाकायला उठल्या.

शाळेतल्या मंगलाबाईंनी अर्ज भोपाळला धाडला होता. मास्तरांचा दांड्याबद्दलचा प्रश्न सोबत घेऊन त्या शिबिराला जाऊन आल्या. मधल्या सुट्टीत मास्तरांनी त्यांना गाठलं.

"दिसली?"

"दिसली, पण सर, नुसता धुरकट डाग हो! दांडा नाही, हात नाहीत. ते फोटोतच उमटतं म्हणे. त्यापेक्षा तुमचं चित्र बरं."

"आणि माझा प्रश्न?"

"विचारला ना. तिथले साहेब म्हणाले, असेलही तसं. पण आज तरी कोणी छातीठोक सांगू शकत नाही."



"तो डाग किती वेळ बघू देतात?"

"एकेकाला अर्धं मिनिट. मागे रांग असते."

"अर्धं मिनिट," मास्तर म्हणाले. "पुष्कळ झालं असतं."